चर्चचं चित्र काढताना

परळ-लालबागच्या मुलांना चित्रकला शिकवण्यात माझी नोकरी गेली. इलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या परीक्षा डोक्यावर असत. वर्षभर बादली, माठ, छत्री, केळ्यांचा घड हेच चालायचं. परीक्षा आटोपल्या की रविवारी जी पोरं तयार असतील त्यांना घेऊन मी बाहेर पडायचो. करी रोडला लोकल पकडायची, सीएसएमटीला उतरून नेव्ही नगरकडे जाणारी बस धरायची आणि अफगाण चर्चपाशी उतरायचं. काही पालकांना हे खटकायचं. "सर, चित्र काढायला आपल्याकडे देवळं काय कमी आहेत?" कमी नाहीत, आणि तीही आम्ही काढली. पण भिंत, कमान आणि उजेड यांचा हिशोब इतका उघडा मांडून ठेवलेली इमारत शिकाऊ मुलाला मुंबईत दुसरी मिळणं अवघड.

त्या रविवारांनी जे शिकवलं ते खाली लिहितो. क्रमाला फारसा अर्थ नाही. पाचवा मुद्दा मात्र गाळू नका.

१. सुरुवात शिखरापासून करा.

पोरं आधी दार काढतात. मग खिडक्या, मग छप्पर, आणि शिखराची वेळ येईस्तोवर कागद संपतो. या चर्चचं शिखर १९८ फूट उंच आहे. बाकी सगळी इमारत त्याच्या पायाशी बसल्यासारखी दिसते. म्हणून आधी कागदाच्या वर एक टिंब द्यायचं, खाली जमिनीची रेघ मारायची, आणि मग मधल्या जागेची वाटणी करायची.

शिखर एवढं उंच का, याचं कारण समुद्रात आहे. सरकारने इथे जागा दिली ती बंदरात शिरणाऱ्या जहाजांना खूण म्हणून शिखर दिसलं पाहिजे या अटीवर, असं सांगतात. आज झाडं आणि इमारती मध्ये येतात, त्यामुळे रस्त्यावरून ते एकदम अंगावर येतं. पण मूळ प्रेक्षक बोटीवर उभा होता. कुलाबा तेव्हा जेमतेम मुंबईला जोडलेलं होतं. कॉजवे पुरा झाला १८३८ साली, आणि ज्या अफगाण युद्धाच्या आठवणीसाठी हे चर्च उभं राहिलं त्याची सुरुवातही त्याच वर्षाची. हे चर्च होण्याआधी इथल्या लष्करी वस्तीची प्रार्थना सिक बंगलो म्हणत त्या भागातल्या एका साध्या चॅपलमध्ये व्हायची. तिथे आता नौदलाचं 'अश्विनी' रुग्णालय आहे.

२. कमान हाताने काढण्याआधी कंपासने काढा.

अर्धगोल कमानीला एकच मध्यबिंदू लागतो, आणि तिची उंची रुंदीच्या निम्मीच राहते. रुंदी ठरली की उंची ठरली, तिथे तुमचं काही चालत नाही. टोकदार कमानीला दोन मध्यबिंदू. कमान जिथून सुरू होते त्या दोन टोकांवर कंपास ठेवून पूर्ण रुंदीएवढी त्रिज्या घेतली की समभुज कमान मिळते. मध्यबिंदू बाहेर सरकवले तर ती भाल्यासारखी निमुळती होते, आत आणले तर बुटकी. रुंदी तीच ठेवून उंची हवी तशी. सगळं गॉथिक या एका सोयीवर उभं आहे, आणि सातवीतल्या मुलाला ते दहा मिनिटांत कळतं.

दुसरी सोय वजनाची. टोकदार कमान भार जास्त सरळ खाली उतरवते, बाजूला कमी ढकलते. कमी म्हणजे शून्य नव्हे, म्हणून भिंतीला बाहेरून ठरावीक अंतरावर दगडी टेकू दिलेले असतात. हे टेकू मुलांना शोभेचे वाटायचे. लालबागच्या पोरांना समजवायला मला एकच दाखला पुरायचा. दहीहंडीचा थर लागतो तेव्हा खालच्या गोलाला बाहेरून छाती लावून जे उभे राहतात, ते हे. वरच्या गोविंदाचा फोटो छापून येतो, थर पेलतात ते हे. तेव्हापासून कुणीही टेकू गाळला नाही.

३. दगडाला हात लावून बघा.

सावली काढायची तर दगड कळला पाहिजे. इथला मुख्य दगड बदामी झाक असलेला स्थानिक बेसॉल्ट, आणि त्याच्या जोडीला चुनखडीचा दगड. बेसॉल्ट म्हणजे आपला सह्याद्रीच. टणक, छिन्नीला दाद न देणारा. त्यात बारीक पानंफुलं कोरायची म्हणजे पाथरवटाचा जीव जायचा. म्हणून मुंबईतल्या जवळपास सगळ्या गॉथिक इमारतींत ही वाटणी दिसते. भिंतीला कठीण दगड, आणि कमानींच्या कडा, खांबांची डोकी, जिथे कोरीवकाम हवं तिथे पोरबंदरसारखा मऊ दगड. मऊ दगड कोरायला सोपा, पण मुंबईचा पाऊस आणि खारा वारा त्याला सोडत नाही. जुन्या इमारतींवरच्या पानांच्या कडा झिजून गुळगुळीत झालेल्या असतात, आणि शेजारची बेसॉल्टची भिंत काल बांधल्यासारखी कोरी.

चित्रात याचा उपयोग असा की भिंतीला कडक, तुटक रेघ चालते, कोरीवकामाला नाही. तिथे पेन्सिल आडवी धरायची.

पावसाळ्यात गेलात तर दगड ओला होऊन एक छटा गडद होतो आणि सगळं चित्र बदलतं. मला तो रंग जास्त आवडतो. पण पोरांच्या आया रागावायच्या, म्हणून आम्ही हिवाळ्यातच जायचो.

४. आत गेल्यावर लगेच कागद उघडू नका.

बाहेरच्या कुलाब्याच्या उन्हातून आत शिरलं की काही दिसत नाही. डोळे सरावेपर्यंत बाकावर बसून राहावं. मग आधी काचा दिसायला लागतात, नंतर कमानींची रांग, सगळ्यात शेवटी जमिनीवरच्या फरशीची नक्षी. पूर्वेच्या आणि पश्चिमेच्या रंगीत काचा विल्यम वेल्स या इंग्रज कारागिराच्या. फरशा, जाळीचा पडदा, वेदीमागची सजावट यांच्यामागे विल्यम बटरफील्ड हे इंग्लंडातलं त्या काळचं मोठं नाव. म्हणजे सांगाडा इथल्या दगडाचा आणि दागिने बोटीने आलेले.

वेदी पूर्वेला असते. सकाळी गेलात तर पूर्वेची काच पेटलेली आणि पश्चिमेची मिटलेली दिसते, दुपार कलली की उलट. एकाच बैठकीत दोन्ही काचा सारख्याच तेजाने रंगवणाऱ्या मुलाने आत बसून बघितलेलं नसतं, पोस्टकार्डावरून काढलेलं असतं. मला ते लगेच कळायचं.

काचेचं चित्र पेन्सिलने होत नाही, पण शिशाच्या पट्ट्यांचं होतं. रंगीत तुकडे एकमेकांना धरून ठेवणाऱ्या त्या काळ्या रेघा म्हणजेच मूळ रेखाटन. रंग नंतरचे. राजाबाई टॉवरच्या ग्रंथालयातल्या काचा स्वाती चांदगडकर यांनी दुरुस्त केल्या तेव्हा मी वरच्या वर्गातल्या मुलांना त्या बघायला पाठवलं होतं. "रंग विसरा, फक्त काळ्या रेघा उतरवून आणा," एवढंच सांगितलं. बरीच मुलं रंगवूनच घेऊन आली.

५. भिंतीवरची नावं वाचा. मग जी नाहीत ती मोजा.

या चर्चचं खरं नाव सेंट जॉन द इव्हँजेलिस्ट. अफगाण हे लोकांनी दिलेलं, आणि तेच टिकलं. १८३८ साली कंपनी सरकारने काबूलच्या गादीवर आपला माणूस बसवायला फौजा धाडल्या. मुंबईची फौज सर जॉन कीनच्या हाताखाली सिंधमार्गे कंदाहार, गझनी आणि काबूलला गेली. सुरुवातीला सगळं सोपं वाटलं. १८४२च्या जानेवारीत काबूलहून माघार घेणारे सुमारे साडेचार हजार सैनिक आणि त्यांच्यामागचे बारा हजारांच्या आसपास बुणगे, बायकापोरांसकट, बर्फातल्या खिंडींत जवळपास संपले. ही काबूलमधली फौज मुख्यतः बंगालची. मुंबईच्या पलटणी दक्षिणेला, सिंध-बलुचिस्तान-कंदाहारच्या पट्ट्यात झिजल्या. पुढच्याच वर्षी सिंधही खालसा झालं. या दोन्ही मोहिमांत मेलेल्यांचं हे स्मारक.

आत संगमरवरी पाट्या आहेत. अधिकाऱ्यांची नावं एकाखाली एक कोरलेली. बाकीच्या शिपायांबद्दल लिहिलंय त्याचा आशय असा की ते इतके आहेत की सगळ्यांची नोंद करता येत नाही.

एका मुलीने हे माझ्याकडून मराठीत समजून घेतलं आणि भिंतीकडे बघत म्हणाली, "सर, भिंत तर केवढी मोठी आहे." मी तिला उत्तर दिलं नाही. देण्यासारखं नव्हतंच.

मुंबईच्या फौजेतले शिपाई कोण होते, हे आमच्या वर्गाला सांगावं लागायचं नाही. निम्मी मुलं रत्नागिरी-सातारची. प्रत्येकाच्या गावात कुणीतरी पलटणीत गेलेला. बॉम्बे आर्मीची भरती कोकणात आणि देशावर मोठी होती, मराठे आणि महार दोन्ही. १८४० साली बलुचिस्तानातल्या काहानच्या गढीत पाचव्या बॉम्बे नेटिव्ह इन्फन्ट्रीची तुकडी मरी टोळ्यांच्या वेढ्यात सापडली. पाणी वाईट, माणसं आजारी, मदतीला निघालेली फौज वाटेतच मार खाऊन मागे फिरलेली. तरी त्यांनी गढी काही महिने सोडली नाही. शेवटी बोलणी करून हत्यारांसकट बाहेर पडले. ती पलटण आजही आहे. मराठा लाइट इन्फन्ट्रीची दुसरी बटालियन, जिला फौजेत 'काली पांचवी' म्हणतात. त्यांचं रेजिमेंटल सेंटर बेळगावात आहे. काहानची गोष्ट लिहिली गेली ती तुकडीचा कप्तान लुइस ब्राउन याच्या नावाने. त्याच्यासोबतच्या शिपायांची नावं कुणा मुलाने मला विचारली तर मी कुठून सांगणार होतो?

आणखी एक तारीख आहे, ती मी मुलांना बसमध्येच सांगून टाकायचो. चर्चची पायाभरणी झाली ४ डिसेंबर १८४७ रोजी, गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या हस्ते. प्रतिष्ठापना झाली ७ जानेवारी १८५८ रोजी. म्हणजे उत्तरेत उठाव अजून धुमसत होता. आणि इथे मुंबईत, आजच्या आझाद मैदानाच्या जागेवर, १५ ऑक्टोबर १८५७ला सय्यद हुसेन आणि मंगल गडिया या दोन शिपायांना तोफेच्या तोंडी देऊन तीन महिनेही झाले नव्हते. कुलाब्यात, मेलेल्या शिपायांच्या स्मारकात, पहिली प्रार्थना होत होती, आणि जिवंत शिपायांवर सरकारचा भरवसा उरला नव्हता. सीएसएमटीहून कुलाब्याला जाताना आझाद मैदान वाटेवरच आहे. फार वळसा पडत नाही.

मला कुणी विचारलं की अशा चर्चचं चित्र आपल्या मुलांनी का काढायचं, तर मी हाच मुद्दा सांगतो. आपली माणसं तिथे आहेत. कोरलेली नाहीत, एवढंच.

६. आराखडा कुणाचा, हे विचारा. उत्तर कधीकधी नळातून येतं.

या चर्चसाठी आधी ऑक्सफर्डच्या एका वास्तुतज्ज्ञाचा आराखडा आला होता. तो बाजूला राहिला आणि काम गेलं हेन्री कॉनिबेअर या मुंबईतल्याच इंजिनिअरकडे. त्याचे वडील इंग्लंडातले पाद्री आणि नावाजलेले भूगर्भशास्त्रज्ञ. हेन्रीचं दुसरं काम मुंबईकराच्या जास्त जवळचं आहे. १८५४ साली शहरात पाण्याची भयंकर टंचाई झाली आणि मिठी नदी अडवून विहार तलाव बांधायची योजना मार्गी लागली, ती याच माणसाची. तलाव १८६० साली पुरा झाला आणि मुंबईला पहिल्यांदा नळाचं पाणी मिळालं. चाळीतल्या सामायिक नळावर सकाळी होणारी भांडणं ज्याने शक्य केली, त्यानेच हे शिखर आखलं, असं म्हटलं की पोरं हसायची आणि नाव लक्षात ठेवायची.

७. पैसा कुठून आला आणि कधी थांबला, तेही बघा.

१८५८ला प्रतिष्ठापना झाली तेव्हा शिखर नव्हतंच. पैसे संपले होते. जहाजांना खूण म्हणून जे हवं होतं, तेच सात वर्षं रखडलं. शिखर पूर्ण झालं १० जून १८६५ला.

गिरणगावातल्या माणसाने ही तारीख बघून थांबावं. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने तिथला कापूस अडला, लँकेशायरच्या गिरण्या हिंदुस्थानच्या कापसावर आल्या आणि १८६१ ते १८६५ या काळात मुंबईत पैशाचा पूर आला. बॅकबे भरणीच्या शेअरची सट्टेबाजी, रोज नवी बँक, आणि या सगळ्याच्या मध्यभागी व्यापारी प्रेमचंद रायचंद. युद्ध १८६५च्या वसंतात संपलं आणि १ जुलैला मुंबईचा बाजार कोसळला. शिखराचा शेवटचा दगड आणि बाजाराची पडझड यांच्यात तीन आठवड्यांचं अंतर. आणखी महिनाभर काम लांबतं तर ते कुणी पुरं केलं असतं, कोण जाणे.

८. चर्चची भाषा इंग्रजीच असते, असं धरून चालू नका.

घराजवळचं गॉथिक बघायचं तर कुलाब्याला जायची गरज नाही. भायखळ्याचं ग्लोरिया चर्च लालबागहून चालत जाण्यासारखं आहे. आजची इमारत १९११ ते १९१३ची, इंग्लिश गॉथिक धाटणीची, पण चर्च त्याहून खूप जुनं. माझगाव पोर्तुगीज राजाने डिसोझा ई लिमा घराण्याला दिलं होतं, आणि त्या घराण्याच्या काळात, १६३२ साली, तिथे नोस्सा सेन्योरा द ग्लोरिया उभं राहिलं. जवळजवळ पावणेतीनशे वर्षांनी ते पाडलं गेलं आणि नाव भायखळ्यात नव्या भिंतींवर आलं. म्हणजे टोकदार कमानी विसाव्या शतकातल्या आणि नाव सतराव्या. मुलांना इथे मी विचारायचो की चर्चचं वय काय लिहाल? वाद व्हायचा, आणि तो मी मिटवायचो नाही.

माझगाव, गिरगावची खोताची वाडी, वांद्रे, वसई इथले ईस्ट इंडियन ख्रिस्ती पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलत आलेत. त्यांची बोली आपल्या कोळ्या-आगऱ्यांच्या जवळची, म्हाताऱ्या बायकांच्या अंगावर लुगडं. स्वतःला ईस्ट इंडियन म्हणवून घेण्यामागे ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकऱ्यांचं राजकारण होतं, आणि १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीच्या वर्षी, त्यांची संघटनाही निघाली. त्याआधी कितीतरी, १६१६ साली, फादर स्टीफन्सने गोव्यात 'ख्रिस्तपुराण' मराठी ओव्यांत छापलं. तेव्हा चर्च म्हणजे परकं, असं वर्गात कुणी म्हटलं की मी एवढंच विचारायचो: कुणाला परकं?

९. गॉथिक नसलेलंही एक बघा, फरक कळायला.

दादरच्या गोखले रोडवरचं पोर्तुगीज चर्च. १५९६ची जागा, पण आजची इमारत चार्ल्स कोरियांची, १९७४ ते १९७७ या काळात बांधलेली. काँक्रीटचे घुमट, मध्ये मोकळी अंगणं, आतल्या घुमटावर एम. एफ. हुसेन यांचं काम. टोकदार कमान एकही नाही. उजेड वरून येतो, वारा बाजूने. मुंबईच्या हवेचा विचार इथे जास्त झालाय, हे माझं प्रामाणिक मत. कुलाब्याला मार्चनंतर आत बसवत नाही.

१०. प्रार्थना चालू असताना चित्र काढू नका. देखरेख करणाऱ्या माणसाला आधी विचारा. वेदीच्या पायऱ्या चढू नका, आणि खोडरबराचा चुरा बाकावर सोडून येऊ नका. पोरांना हे एकदा सांगून पुरत नाही.

११. तारा, गाड्या, पत्रे गाळू नका.

बहुतेक मुलं चर्चसमोरची उभी स्कूटर, विजेची तार, दुरुस्तीची ताडपत्री वगळून चित्र काढतात. मग ते मुंबईतलं राहत नाही, कुठल्यातरी कॅलेंडरवरचं होतं. तार शिखराला कापून जात असेल तर ती तशीच काढा. दोन रेघा एकमेकींना छेदताना कुठली पुढे आणि कुठली मागे, हे शिकायला त्याहून चांगला धडा नाही.

१२. घरी परतल्यावर परळही बघून घ्या.

हाफकिन संस्थेची जुनी इमारत आमच्या पोरांच्या रोजच्या वाटेवर. तिच्यात गॉथिक काही नाही, पण तिच्या पोटात पोर्तुगीज काळातला जेझुइटांचा मठ आणि चॅपल आहे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी ती जागा ताब्यात घेतली, पुढे तिथे गव्हर्नर राहायला आले, नाचगाण्याचे दरबार भरले. १८८०च्या दशकाच्या सुरुवातीला गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या पत्नी तिथे पटकीने गेल्या आणि गव्हर्नरांनी मुक्काम मलबार पॉइंटला हलवला. मग १८९९ साली हाफकिन यांची प्लेगची प्रयोगशाळा तिथे आली. चर्च, राजवाडा, प्रयोगशाळा, सगळं एकाच भिंतींत. समोरच्या फुटपाथवर बसून दर्शनी भाग नीट काढता येतो, सावली दुपारी चारनंतर. आत जायचं असेल तर आधी विचारून जा.